नंद्याचा पोळा

मी कुत्र्यांची बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. संपादकांनी फोन करून "बाई, नोकरीतलं काहीतरी लिहा की" म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात गाई-म्हशीच असणार. गाईंवर लिहायचं तर अख्खा अंक पुरणार नाही. पण लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर सारखा येत राहिला तो एक कुत्रा. मग म्हटलं, जाऊ दे, त्याचंच लिहू.

मी पशुधन पर्यवेक्षक होते. शेवटची चौदा वर्षं संगमनेर तालुक्यात, प्रवरेकाठच्या गावांत. पशुधन पर्यवेक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे. लोक 'डाक्टरीणबाई' म्हणतात, आपण दुरुस्त करून करून थकतो आणि मग ओ देतो. लसी टोचणं, कानात बिल्ले मारणं, अडलेलं वासरू काढणं आणि मुख्य म्हणजे गाई भरवणं ही आमची कामं. खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवायचा, एक हात गाईच्या आत आणि दुसऱ्या हातात वळूच्या वीर्याची कांडी. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आजोबांनी मला गोठ्याच्या दारातूनच परत फिरवलं होतं. "बाईमानसाचं काम न्हाई हे. सायबाला धाडा." मी म्हटलं, "आजोबा, आत बांधलीय ती तरी कोण आहे?" आजोबा हसले आणि बाजूला झाले.

गाईची लाथ खाल्ली, म्हशीनं चिखलात लोळवलं, पण जनावराची भीती अशी मला कधी वाटली नाही. फक्त कुत्रा सोडून. आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला कोपरगावच्या बाजूला जायचे आणि मी त्यांच्याबरोबर. नऊ वर्षांची असताना फडाच्या मालकाच्या वस्तीवर पाणी आणायला गेले आणि त्यांचा सुटा कुत्रा माझ्या डाव्या पोटरीला कडाडून चावला. हंडा तिथंच पडला. वडिलांनी खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं आणि पुढे पोटात चौदा इंजेक्शनं. पोटरीवरचा तो खड्डा अजून आहे. त्यामुळं मोठी झाले, डिप्लोमा केला, सरकारी बॅग हातात आली, तरी वस्तीवर शिरायच्या आधी मी लांबूनच ओरडायची, "अहो, कुत्रं बांधा आधी!" सगळ्या तालुक्याला हे ठाऊक होतं आणि सगळे मला त्यावरून चिडवायचे.

भास्करदादांचा गोठा चाळीस गाईंचा. सगळ्या एचएफ संकरित, काळ्या-पांढऱ्या. एके सकाळी लाळ-खुरकुताची लस द्यायला गेले, तर गोठ्याच्या कोपऱ्यात भुसकटावर एक वासरू अंगाची जुडी करून पडलेलं. पांढरं अंग, त्यावर काळे ठिपके. अशक्त दिसत होतं. वासरू अशक्त वाटलं की आमची एक सवय असते. त्याच्या तोंडात बोट घालून बघायचं, चोखतं का नाही. मी वाकले आणि बोट घातलं. चोखलं की त्यानं! पण वासराला असे सुईसारखे दात कुठले? मी खाली बघितलं. त्यानं वर बघितलं. मी जी किंकाळी फोडली ती म्हणे डेअरीपर्यंत ऐकू गेली.

भास्करदादा आणि शोभावहिनी, दोघं नवरा-बायको, पोट धरून हसत होते. मी भिंतीला चिकटून उभी. दादा म्हणाले, "अवो बाई, पिल्लू हाय ते. तीन म्हयन्याचं. पुण्यावरनं आनलंय. ग्रेट डेन म्हनत्यात."

"एवढं पिल्लू?"

"उसात बिबट्या फिरतोय न्हव का. आपलं गावठी कुत्रं तो उचलून नेतो. म्हनलं, त्याला उचलता न्हाई येनार असं कुत्रं आनावं."

वहिनींनी त्याचं नाव नंद्या ठेवलं होतं, नंदीबैलावरून. मला तिथून सटकायची घाई. दादांनी विचारलं, "बाई, ह्याला ताकदीचं कायतरी सांगा." मी बॅग उचलता उचलता म्हटलं, "वासरांना देता तेच कॅल्शियम द्या. रोज दोन झाकणं. आणि दूध हवं तेवढं पाजा." अर्धं मिनिटही लागलं नाही मला हे सांगायला.

दोन महिन्यांनी नंद्याचे पुढचे दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकले. पंजे बाहेर फाकले आणि चालताना मनगटं खाली टेकायला लागली. दादा त्याला घेऊन नाशिकला कुत्र्यांच्या एका डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?" दादा गव्हाणीकडे बघत म्हणाले, "कॅल्शियम बंद कराया सांगितलंय. दूधबी कमी."

"अजून काही?"

"न्हाई. बाकी काय न्हाई."

त्या दिवशी घरी जाऊन मी मोबाईलवर वाचायला बसले. एवढ्या मोठ्या जातीचं पिल्लू मुद्दाम सावकाश वाढवायचं असतं. भरमसाट खाणं आणि वरून कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ बिघडते. दुभत्या गाईला जे अमृत, ते ह्या पिल्लाला विष. पाय पुढे बरेचसे सरळ झाले, पण डावा पुढचा पंजा कायमचा बाहेर वळलेला राहिला. गावात सगळे म्हणत, पुण्याच्या विकणाऱ्यानं फसवलं. मी तिथंच उभी असायची आणि मी काही बोलायची नाही. मला ह्याची लाज वाटायची, अजूनही वाटते.

बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी अभ्यास केला. संकर म्हटला की तो आमचाच विषय. नावात डेन आहे, पण ह्या जातीचा डेन्मार्कशी काही संबंध नाही. ती घडली जर्मनीत. दणकट, थोराड जबड्याची कुत्री आणि लांब पायांची पळणारी कुत्री ह्यांच्या संकरातून. काम काय, तर रानडुक्कर अंगावर आलं की त्याला शिकारी येईपर्यंत धरून ठेवायचं. पुढे शिकारीचे दिवस संपले आणि ती श्रीमंतांच्या फाटकांवर राखणीला बसली. आता इथं आमच्या गाईंच्या घासाच्या वावरात येऊन पडली. अंगावर केस आखूड, त्यामुळं थंडी सोसत नाही. वजन एवढं की फरशीवर बसून कोपरांना घट्टे पडतात, गोणपाटाची जाड गादी लागते. आयुष्य मात्र जेमतेम सात-आठ वर्षांचं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे छाती खोल आणि पोट आत मोकळं लटकणारं. म्हणून एकदम पोटभर खायला द्यायचं नाही, थोडं थोडं द्यायचं, आणि खाल्ल्यावर तासभर तरी पळवायचं नाही. हे सगळं मी वहिनींना लिहून दिलं आणि त्यांनी तो कागद दूध मोजायच्या मापाशेजारी भिंतीवर चिकटवला.

आणि स्वभाव? लोकांना वाटतं एवढं धूड म्हणजे फाडून खाणारं असणार. अहो, वासरं त्याचे कान चोखायची आणि हा डोळे मिटून पडून राहायचा! बिबट्याचं विचाराल तर तो एकदाच आला, संध्याकाळी धारेच्या वेळी, उसाच्या कडेला. नंद्या एकदाच भुंकला, तोही वहिनींच्या मागे उभा राहून. पण आवाज असा खर्जातला की धार काढणाऱ्याच्या हातातली बादली पडली. बिबट्या पुन्हा काही दिसला नाही. भास्करदादा ही गोष्ट सांगताना 'वहिनींच्या मागे उभा राहून' एवढा भाग गाळायचे.

ह्या जातीची एक खोड आहे. आपल्या माणसाजवळ आली की ही कुत्री त्याच्या अंगाला रेलतात. नुसती जवळ उभी नाही राहत, सगळं वजन टाकतात. मी गोठ्यात शिरले की नंद्या तो वाकडा पंजा टाकत यायचा आणि माझ्या डाव्या पायाला टेकायचा. नेमका त्याच पायाला, पोटरीवर खड्डा होता त्याला. पहिल्यांदा मी दगडासारखी उभी राहिले. वहिनी म्हणाल्या, "काय करत न्हाई तो. भार टाकतो नुसता." पुढे पुढे मी उभी राहायला शिकले, पण हात काही कधी लावला नाही. तो टेकायचा, मी हात पाठीमागे बांधून उभी.

त्याची कीर्ती पसरली तशी गिऱ्हाइकंही एकेक यायला लागली. एक गृहस्थ खास मला गाठायला आले. त्यांच्या गावठी कुत्रीला नंद्याची पिल्लं हवी होती, पण त्याला लांब न्यायला नको. "तुमच्या त्या थंडगार टाकीत बैलाच्या कांड्या असत्यात, त्यात ह्याची एक भरून ठिवा की." मी म्हटलं, "काका, सरकार मला गाईंसाठी पगार देतं." ते म्हणाले, "दिसायला गाईसारखाच हाय की तो! सरकारला काय कळतंय?" त्यांना मी चहा पाजून वाटेला लावलं.

आता त्या पोळ्याचं सांगते.

भास्करदादांकडे बैल राहिले नव्हते. कुणाकडेच राहिले नाहीत, लोक ट्रॅक्टरला हार घालून पोळा करतात. शोभावहिनींचं मात्र ट्रॅक्टरला पोळी दाखवून मन भरत नव्हतं. त्या वर्षी त्या म्हणाल्या, "आपला नंद्या हाय की. त्याचाच पोळा करू." झालं! त्याला आंघोळ घातली, पेटीतली जुन्या बैलाची झूल पाठीवर टाकली, गळ्यात घुंगरमाळ, अंगावर गुलाल. नंद्या चार वर्षांचा झाला होता आणि मला रिटायर व्हायला काही महिने उरले होते. मला पुरणपोळीचं आमंत्रण होतं, पण वाटेत एका गाईनं अडकवलं आणि पोचायला दुपारचे तीन वाजले. नंद्या तोवर मारुतीला प्रदक्षिणा घालून घरी परत आला होता.

आमच्याकडची रीत अशी की पोळ्याचा बैल दारावरून गेला की घरातली बाई त्याला ओवाळते आणि पोळी भरवते. बैल असतो तेव्हा ते ठीक आहे, बैलाचं पोटच तसं. नंद्याच्या बाबतीत घरटी एक पोळी झाली. वर तूप, वर दूध. कोणी अर्धी दिली नाही, सणाच्या दिवशी अर्धी देतात का? त्यात हलगी वाजली, सगळे त्याच्याबरोबर पळाले आणि तोही पळाला. मापाशेजारचा कागद घरी भिंतीवर. मी वेळेवर पोचले असते तर थांबवलं असतं, हे मी आजवर शंभरदा मनात म्हटलंय.

अर्ध्या तासानं नंद्या अंगणात अस्वस्थ फिरायला लागला. उबळ येत होती, पडत काही नव्हतं. तोंडातून नुसत्या लाळेच्या तारा. बरगड्यांमागे पोट फुगत चाललं होतं. दादांनी ओळखलं, पोटफुगी. गाय फुगली की घरोघरी जे करतात तेच त्यांनी केलं. गोडेतेलात सोडा कालवून बाटली भरली आणि त्याचं तोंड वर केलं.

मी ओरडले, "दादा, खाली ठेवा ती बाटली! गिळता येत नाहीये त्याला. फुप्फुसात जाईल."

"मंग काय करू? फुगतोय न्हव का तो!"

मी नाशिकच्या त्याच डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "पोट पिळलं गेलंय त्याचं. ऑपरेशनच लागेल. पण तुम्ही आहात संगमनेरला, आहे तसा गाडीत घातला तर तो अर्ध्या वाटेत जाईल. आधी गॅस काढा. तुम्ही गाईला सुई टोचून गॅस काढता ना?"

"गाईला काढते. कुत्र्याला मी हात लावत नाही, डॉक्टर."

"मग आज लावा."

नंद्याचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. शोभावहिनी मातीत बसल्या आणि त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "बाई, मी धरते. तुमी करा." बॅग उघडून मी सगळ्यात जाड सुई काढली. दादांनी दाढीचं ब्लेड आणलं. गाईला आपण डाव्या कुशीत टोचतो, माझा हात सवयीनं डावीकडे गेला. फोनवरून आवाज आला, "दोन्ही बाजूंनी टिचकी मारून ऐका. जास्त ढबढब कुठं वाजतंय?" त्यासाठी त्याच्या पोटावर कान न्यायला हवा होता, म्हणजे तोंड त्याच्या जबड्यापासून हातभर अंतरावर. मला नऊ वर्षांच्या वयातला तो हंडा पडल्याचा आवाज ऐकू आला, खरंच सांगते. मी वाकले. उजवीकडे ढोल वाजत होता. केस काढले, स्पिरिट लावलं, शेवटच्या बरगडीमागे सुई धरली. "दाबा," डॉक्टर म्हणाले.

सुई आत जाताना नंद्या घशातून गुरगुरला. वहिनींनी त्याच्या तोंडावर दोन्ही हात ठेवले, पण त्यानं तोंड उघडलंच नाही. सुस्स करून हवा सुटली आणि अंगणभर आंबलेल्या पुरणाचा वास पसरला. मग त्यानं एवढंच केलं, की मागचं सगळं अंग माझ्या गुडघ्यांवर टाकलं. तशातही तो माझ्यावर टेकला!

दुधाच्या पिकअपमधले कॅन उतरवले, गादी टाकली आणि आम्ही निघालो. दादा चालवत होते. मागे वहिनी आणि मी, माझा हात सुईवर. खड्डा आला की सुई हलायची, मध्येच तुंबायची, मी पुन्हा मोकळी करायची. त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्याचा वाकडा पंजा माझ्या मांडीवर होता. सिन्नरच्या अलीकडे मला राहवलं नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "हा पंजा माझ्यामुळं वाकडा झालाय. ते कॅल्शियम मी सांगितलं होतं. मला नंतर कळलं आणि मी चार वर्षं गप्प बसले."

वहिनी त्याच्या कपाळावरचा गुलाल पुसत होत्या. म्हणाल्या, "आमाला ठावं हाय."

"काय?"

"त्या डाक्टरनं तवाच सांगितलं हुतं ह्यांना. ज्यांनी दिलं त्यांची चूक हाय म्हनले. हे घरी आले आन म्हनले, बाईंना कायबी बोलायचं न्हाई. लक्ष्मी गाय अडली तवा बाई पावसात दोन तास चिखलात झोपून वासरू काढत हुत्या. तवा आपन जाब इचारला का, की कसं काय काढलं? मंग चुकल्यावरच का इचारायचा?"

मला रडू फुटलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. वहिनींनी आपल्या पदरानं माझे डोळे पुसले, त्याच गुलाल लागलेल्या पदरानं, आणि नाशिकला उतरल्यावर डॉक्टरांनी आधी माझ्याकडेच घाबरून बघितलं. चार वर्षं त्या माणसांनी मला प्रत्येक आजारी जनावरासाठी बोलावलं होतं, माझ्या हातात चहा दिला होता, आणि मी समजत होते की त्यांना माहीत नाही.

नंद्या वाचला. डॉक्टरांनी पोट सरळ केलं आणि आतल्या बाजूनं टाके घालून ते बरगड्यांकडच्या भिंतीला टाचून टाकलं, पुन्हा पिळू नये म्हणून. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा." मी म्हटलं, "कॅल्शियम सांगणारी बाई मीच, डॉक्टर." ते हसले. "माहीत आहे. तेव्हा रागावलो होतो. आज फिट्टंफाट."

पुढच्या पोळ्याला झूल होती, गुलाल होता, पण प्रत्येक घराला वहिनींनी आधीच निरोप पाठवला होता. "त्याला ओवाळा आणि पोळी मला द्या." पिशवीभर पोळ्या गोळा करून त्यांनी गाईंना घातल्या.

रिटायर झाल्यावर मी संगमनेरात राहायला आले. जाणं-येणं कमी झालं. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी दादांचा फोन आला. "बाई, नंद्या आता उठत न्हाई. डाक्टर बोलले, वय झालं, त्रास देऊ नका. सवड असंल तर येऊन जावा." त्याला आठ वर्षं पुरी झाली होती. त्याच्या जातीला हे पुष्कळ.

मी गेले. कधीतरी मी ज्या कोपऱ्यात त्याच्या तोंडात बोट घातलं होतं, तिथंच तो गादीवर पडला होता. तोंड पांढरं झालेलं. मला बघून शेपटी हलली. पुढचे पाय रोवून तो उठायला बघत होता, तो वाकडा पंजा भुसकटावर घसरत होता, पुन्हा रोवत होता. मला कळलं त्याला काय करायचंय. त्याला येऊन माझ्या पायाला टेकायचं होतं.

"राहू दे रे," मी म्हटलं आणि त्याच्या शेजारी खाली बसले. गोठ्यात, साडी नेसून, पाय पसरून. त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोडा वेळ मी तशीच ताठ बसून होते, त्याच्या अंगावर आपलं ओझं नको म्हणून.

शोभावहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "टाका की बाई भार. त्यानं काय कमी टाकला का तुमच्यावर?"

मी टाकला. त्यानं एक मोठा उसासा सोडला आणि डोकं माझ्या डाव्या पोटरीवर ठेवलं. चहा निवून गेला तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो.